एकतीस मुक्काम

उदगीर,
चैत्र वद्य सप्तमी, १९३७

प्रिय शरद,

तुझं पत्र आणि बोटीचं तिकीट येऊन आज एकवीस दिवस झाले. मधल्या काळात मी चार उत्तरं लिहिली आणि चारही चुलीत घातली. प्रेमला म्हणाली, एवढ्या कागदावर दोन भाकरी भाजून झाल्या असत्या, आता पाचवं तरी टपालात पडू द्या. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून तू मला दोस्त म्हणशील की नाही, कोण जाणे. माझ्यासाठी घेतलेली सायकल तू परत करशील आणि घरी यायचा बेतही मोडशील, ही भीती तर आहेच. म्हणून आधी इकडची खबरबात देतो. वर्गात अवघड धडा आला की मी पुन्हा एकदा हजेरी घेतो, तशातलंच समज.

पाडव्यानंतर नांदेडला तुझ्या घरी जाऊन आलो. अण्णा जरा वाळलेत, पण कोर्टात जायचं सोडत नाहीत. आईंनी तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, आधी अण्णांकडून चार वेळा ऐकलेलं असूनही. जुलैत हणमंताबरोबर सायकलीवर फ्रान्स पाहतो आणि मग त्याच्याच बोटीनं घरी येतो, असं तू लिहिलंयस. आईंनी त्यातला फ्रान्स सोडून दिला आणि घरी येतो एवढंच धरलं. तुझ्या पलंगाची नवार बदलून घेतलीय. मला वाढता वाढता म्हणाल्या, ‘हणमंता, तू गेलास तरच तो येईल बघ. एकट्याचा पाय नाही निघायचा.’ मी मान हलवली. खाली बघून जेवण उरकलं.

आमच्या घरी मात्र फ्रान्सचं उत्तम चाललंय. तू पाठवलेला कापडी नकाशा ओसरीच्या भिंतीवर आहे. शाळेत मी भूगोल, म्हणजे आमचा जुगराफिया, उर्दूतून शिकवतो, तिथल्या नकाशात फ्रान्स माझ्या तळहाताएवढा आहे. घरचा दाराएवढा आहे. शेजारच्या रत्नम्मा संध्याकाळी येऊन आज कुठवर पोचलात म्हणून विचारतात. त्यांना वाटतं, लाल शाईचे ठिपके मी रोज एकेक करून पुढे नेतोय. रोआनपासून समुद्रापर्यंत ल्वार नदीच्या काठानं ते एकतीस ठिपके आहेत. तूर शहराजवळच्या एका मुक्कामाला प्रेमलाच्या बोटाची हळद लागलीय, म्हणून ते गाव आम्ही तिचं म्हणतो.

पण हे मुक्काम पहिल्यांदा मांडले, त्या दिवसांबद्दल आपण दोघांनी कधी चकार शब्द लिहिला नाही. आज लिहितो. कुसुमवहिनींना जाऊन या वैशाखात तीन वर्षं होतील. सरकारी वजिफ्यावर रेशीम रंगवायचं काम शिकायला तू लियोंला गेलास, त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. चार दिवसांच्या तापात सगळं आटोपलं. तार तुला दुसऱ्या दिवशी पोचली, पण तू कसा पोचणार होतास? गोदावरीच्या घाटावर अण्णांच्या शेजारी मी उभा होतो. महिन्याभरानं मला तुझं पत्र आलं, साडेतीन ओळींचं. पुस्तकं पेटीत भरली, वर्गात जात नाही. संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहतो. इथलं पाणी फार थंड आहे. यापुढे पत्र लिहू नकोस. प्रेमला सोडून ते पत्र मी आजवर कुणालाही दाखवलेलं नाही.

तुला लिहायचं तरी काय? धीर धर म्हणणारी पत्रं तुला ढिगानं आली असणार. मग हैदराबादच्या हॉस्टेलात तू कशानं खुलायचास ते आठवत बसलो. गणितात नापास झालास तेव्हासुद्धा तू सायकल काढून तलावाच्या बांधावर एक फेरी मारून आलास आणि दोघांचं जेवण एकट्यानं खाल्लंस. तेव्हा मी बेधडक लिहून टाकलं की शरद, मला सायकलीवरून फ्रान्स बघायचाय. मोठ्या शहरांतून नको, नदीकाठच्या खेड्यापाड्यांतून. मी रोज सायकलनंच शाळेत जातो, सवय आहे. तू फक्त मार्ग आखायला मदत कर.

आता मार्ग पाठवायचा तर तो माहीत हवा. शाळेच्या नकाशावर दोरा धरून नदी मोजली, ती साडेचारशे मैल भरली. त्याच दिवशी आमच्या शेतावरचा गाडीवान भुजंग जळकोटहून ज्वारीची पोती घेऊन आला होता. बैलगाडीनं त्यानं किनवटच्या जंगलापर्यंतचा मुलूख पालथा घातलाय. एवढा पल्ला नदीकाठानं कसा गाठावा, असं त्याला विचारलं. त्यानं निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘पाणी उजव्या हाताला ठिवा. दिवसाला सात कोस लई झाले. दुपारी सोडायचं, पाणी दाखवायचं, उन्हं उतरली की जुपायचं.’ मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. सात कोसांवर एक, असे एकतीस मुक्काम झाले. दुपारी नदीवर तीन तासांचा विसावा. शिवाय जवळ कुरण असेल अशी गावं निवड, असंही तुला बजावलं.

दोन महिन्यांनी तुझं उत्तर आलं. हण्या, सायकलीला वैरण लागत नाही रे, असं त्यात लिहिलं होतंस. ‘तुझी थट्टा वाचून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो, काय झालं म्हणून घरमालकीण जिना चढून वर आली,’ हेही तूच लिहिलंस. आणि खाली विचारलं होतंस, लियोंहून रोआनपर्यंत डोंगर लागतो, तेवढं अंतर आगगाडीनं जायचं का? ते पत्र हातात घेऊन मी ओसरीवर बसून राहिलो. माणूस चढ-उताराची चौकशी करतोय म्हणजे त्याला कुठंतरी जायचंय, एवढं मला कळलं. प्रेमलानं त्या दिवशी शिरा केला होता.

शरद, ती थट्टा नव्हती. मला खरंच तेवढंच माहीत होतं. मला सायकल येत नाही.

जळकोटचा पोरगा मी. हॉस्टेलात आलो तेव्हा कपबशी कशी धरायची तेही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलंस, सायकल येते ना? मी हो म्हणून बसलो. पुढे दोन वर्षं तुझ्या मागे बसून हैदराबाद पाहिलं, आणि चालवायची माझी पाळी आली की माझा गुडघा दुखायचा. त्या गुडघ्यासाठी तू बेगम बाजारातून तेल आणलं होतंस, आठवतंय? तीन वर्षं तुला लिहिलेल्या पंक्चरच्या, चेनच्या, ब्रेकच्या गप्पा सगळ्या शरणप्पाच्या आहेत. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं सायकलीचं दुकान आहे. तुझं पत्र आलं की मी तिथं जाऊन बसायचो. एकदा तो म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही इचारता लई, बसत मात्र न्हाई.’

एवढंच असतं तर मी चार पत्रं जाळली नसती. खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. यायचा माझा कधी विचारच नव्हता. पहिल्या वर्षी माझी आई आजारी असल्याचं कळवलं. ती ठणठणीत होती, शेंगा फोडत होती. दुसऱ्या वर्षी रजा नामंजूर झाली म्हणून लिहिलं. मी दरखास्तच दिली नव्हती. तू मुक्काम सुचवावेस, मी ते बदलावेत, तू पुन्हा नवे पाठवावेस, असं चालू राहिलं तर तू त्या पुलावर जाणार नाहीस, एवढीच माझी अक्कल. तू परीक्षा दिलीस, कारखान्यात लागलास, प्रत्येक पत्रातलं तुझं अक्षर मोठं आणि मोकळं होत गेलं. मी आपला खूश, आपली मात्रा लागू पडली म्हणून. तू हे सगळं खरं धरून चालला आहेस, हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. आणि आता तू माझ्या उंचीची सायकल घेऊन ठेवलीस, खाली उतरवलेल्या बैठकीची, दुखऱ्या गुडघ्याला सोपी जावी म्हणून. ती ओळ मी प्रेमलाला वाचून दाखवू लागलो तर मला पुढे वाचवेना. तिनं कागद काढून घेतला. म्हणाली, ‘त्यांना जगवलंत ते बरं केलं. पण खोट्यावर माणूस किती दिवस उभा ऱ्हाईल? खरं लिहा आन् जा.’ मी म्हटलं, खरं कळल्यावर तो घरी येणार नाही. ती म्हणाली, ‘मग जाऊन आणा.’

म्हणून हे पत्र, शरद. मी येतोय. त्याच दिवशी शरणप्पाकडून एक जुनी सायकल आणली आणि रोज पहाटे किल्ल्यामागच्या माळावर शिकतोय. भुजंग मागून धरतो आणि बैलाला हाकावं तसा मला हाकतो. दोन्ही कोपरं सोलली आहेत. परवा तो दमून बाभळीखाली बसला, आणि मला उतरायचं कसं ते येत नसल्यामुळे मी थेट रेल्वे फाटकापर्यंत गेलो आणि शेवटी एका नांगरटीत घुसलो. ढेकळांत पडल्या पडल्या इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी समजत होतो, हे सारं तुझ्यासाठी चाललंय. ती नदी मला स्वतःला बघायची आहे, तुझ्या मागे बसून नाही, तुझ्या शेजारून. आज रजेची दरखास्त दिली. सदर मुदर्रिससाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, चष्मा काढून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ‘साइकिल पर? आप?’ एवढंच विचारलं आणि सही केली. तेव्हा आता माघार नाही. तुला फसवलं याची माफी पत्रातून मागणार नाही, समोर उभा राहून मागेन. तू मला वाटेल ते बोल, एक शब्द उलटा बोलणार नाही. पण तुला घेतल्याशिवाय मी परतीच्या बोटीत पाय ठेवणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. रागव, खुशाल रागव. फक्त मार्सेयच्या धक्क्यावर येऊन रागव.

तुझाच,
हणमंत