माझं लेझर आणि मूठभर तांदूळ

५ जानेवारी २००५, मूल (जि. चंद्रपूर)
सिंदेवाहीचं स्थळही गेलं. एकूण सात नकार. कारण एकच, हा जाड चश्मा. वहिनी म्हणते, चश्म्यानं नाई भाऊजी, तुमी वय चोरता म्हणून. बायोडेटात ३४ लिहितो, खरं ४३. आकडे तेच, फक्त जागा बदलली. याला कुणी चोरी म्हणतं का?
संकल्प: नागपूरला जाऊन डोळ्यांचं लेझर, म्हणजे चश्मा कायमचा सुटेल. आता सावलीचं स्थळ आहे, गोकुळा. फोटो चश्म्यासकटचाच गेलाय, जीव टांगणीला.

११ जानेवारी
राइस मिलमध्ये रफीकशेठ चिडले. म्हणाले, डोमा, डोळ्याच्या भानगडीत काऊन पडतो? तुह्या नजरेवर माही मिल चालून राह्यली. खरं आहे. चश्मा कपाळावर चढवायचा, तांदळाची मूठ नाकाशी धरायची, तुटकी कणी किती आणि खडा किती ते लगेच सांगायचं. चश्म्याविना एवढं दिसतं, तर लेझरनंतर काय दिसेल!

२ फेब्रुवारी, नागपूर
दवाखान्यात फॉर्म भरणारी रिंकू नेमकी सावलीची निघाली. बातमी फुटायला नको म्हणून इथेही ३४ सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चाळिशीपुढचे असतात तर लेझरनंतर जवळचं दिसायला चश्मा लागलाच असता, तुम्हाला अजून सहा वर्षं आहेत. सहा वर्षांत तर माझी पोरं शाळेत जातील. सही ठोकली.

५ फेब्रुवारी
लेझर झालं. परतताना बसमधून लांबच्या झाडावरचा बगळा दिसला! चोचीसकट. जुना चश्मा वहिनीला दिला, फेकून दे म्हणालो. तिनं कपाटात ठेवला. हिला माझं सुख बघवत नाही.

२६ फेब्रुवारी
रोजनिशीच्या ओळी पुसट. शाई हलक्या दर्जाची आहे. पेन बदलला.

१० मार्च
पेनाचा दोष नव्हता, बल्बचा होता. बल्ब बदलला. मिलमध्ये मी पास केलेल्या मालात कणीच कणी निघाली. रफीकशेठ स्वतःच पोतं चाळायला बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२२ मार्च, दुपारी
नागपूरला फोन केला. रिंकूनं आधी वय विचारलं. फोन ठेवला. लेझर बसायला वेळ लागत असेल. सध्या वही टेबलाच्या त्या टोकाला ठेवून लिहितोय, व्यायामही होतो.

१७ एप्रिल, सावली
बघण्याचा कार्यक्रम. गोकुळा लांबून स्पष्ट दिसली. हसली. फार बरं वाटलं. पोहे झाले आणि तिचे थोरले भाऊ इस्तारीभाऊ घरच्या एच.एम.टी. तांदळाची मूठ घेऊन आले. माझ्या तळहातावर ओतली. म्हणाले, तुमी गिरणीतले नामी पारखी, सांगा कणी किती?
हात लांब केला. आणखी लांब केला. हात इस्तारीभाऊंच्या छातीला टेकला. त्यांनी हळूच नाकावरचा चश्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. दाणा न् दाणा दिसला. आनंदात बोलून गेलो, शंभरात चार कणी!
बराबर, ते म्हणाले. माहा जवळचं पाहाचा चश्मा तुमाले चांगलाच बसला. मी पंचेचाळीसचा. तुमी कितीचे?
चौतीस म्हणालो. त्यांचाच चश्मा लावून.

२१ एप्रिल
सावलीचा निरोप आला, नाही. वहिनीनं सगळं सांगितलं. गोकुळाला चश्मेवालाच फोटो पसंत होता. वयाचं तिनंच भावाला म्हटलं होतं, पंचेचाळीसपर्यंत चालते. आता म्हणाली, जो पाहुणा घरात बसून लबाड बोलते, तो नाई चालत. दिवसभर काही खाल्लं नाही. आता चूक चश्म्यावर ढकलता येत नाही, वाईट वाटतंय ते याचंच.

३ मे, चंद्रपूर
जवळचा चश्मा घेतला. दुकानदारानं वय विचारलं. पहिल्यांदाच खरं सांगितलं, ४३. त्यानं निरखून पाहिलं. म्हणाला, वाटत नाई भाऊ, चश्म्यात चौतीसचे दिसता.