उतरला म्हणजे बरंच?

जैनथ. कार्तिक शु. २, सोम.
पूजा आटोपून हवेचा भार मोजायची पाऱ्याची नळी पाहिली. कालपासून पारा उतरतोच आहे. 'हे' उटनूरला दौऱ्यावर. सरकारी नळी माझ्या हवाली. वारा ईशान्येचा. त्याला पाठ दिली की डाव्या हाताला तुफान, हे शाळेतलं. म्हणजे आग्नेयेला, मछलीपट्टणच्या समुद्रावर. तिथलं पाणी तापलं, हवा वर गेली, भार घटला. आता चहूकडची हवा तिकडे गरगरत धावते आहे.
धाकटे भाऊजी उद्या कापसाच्या गाड्या घेऊन पैनगंगेपल्याड जाणार. म्हटलं, "पारा उतरला, जाऊ नका."
हसले. "उतरला मंजे बरंच ना, वैनी! ताप उतरते, पूर उतरते."
सासूबाईही हसल्या. अंगाचा तिळपापड झाला.

शु. ३
गेले. लख्ख ऊन, नदीला गुडघाभर पाणी. गाडीवर बसून वर म्हणतात, "पारा तुमचाच चढला दिसते!"
नळी आणखी खाली.

शु. ५
कालपासून पाऊस. वारा पूर्वेचा, गोठ्याचं छप्पर नेलं. नदी फुगली. सासूबाई म्हणतात, "तूच अभद्र बोलली मून आलं." मी बोलले म्हणून समुद्र तापला काय? रोज तुळशीला पाणी घालणारी मी, अन् वादळ आणणारीही मीच!

शु. ६
उघडलं. पारा चढला, नदी ओसरली. भाऊजींचा गाडीवान डोंग्यातून आला. "छोटे मालक पल्याड सुखरूप हायेत. उद्या सकाळी गाड्या पाण्यात घालतो मनले." घरात आनंद.
अरे, पण वारा आता दक्षिणेचा! तुफान पश्चिमेला सरकलं, नदीच्या वरच्या अंगाला. तिकडे कोसळलेलं पाणी इथेच यायचं.
"झालं हिचं सुरू," सासूबाई.
निम्म्या कागदावर लिहिलं: 'वरून लोंढा येतो आहे. दोन दिवस गाड्या पाण्यात घालू नका.' खाली माझं नाव? वैनीचं म्हणून हसतील, अन् हट्टाने आधीच निघतील. मग यांचं लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर ना तोंडाने, ना लेखणीने. नवऱ्याचं नाव, तेही खोट्या सहीला. देवा, शहाणपण माझं, मग पापही मलाच का?
गाडीवानाला म्हटलं, मालकांचा निरोप आहे म्हणून सांग.
त्याने कागद टोपीत खोचला. "मालक कवा आले, बाई?"
"तू निघ आधी."