डिपॉझिट नक्की कुणाकडे आहे?

सांगली, ११ जुलै १९९४

तीर्थरूप चिंतामणमामांस,

मुकुलचा साष्टांग नमस्कार (तूर्त कागदावरच, चौघांच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही). तुमच्या गुडघ्याला साताऱ्याची हवा मानवत असेल आणि मामींची दाढ एकदाची निघाली असेल, असं धरून चालतो. माझं काही ठीक नाही.

तुम्ही बजावलं होतं, डिपॉझिट देताना डोळ्यांत तेल घालून दे. घातलं. खोली सोडून चाललेला नानासो म्हणाला, माझे हजार रुपये मालकांकडे आहेतच, तू मला हजार दे, म्हणजे तिकडचे तुझे झाले. हिशेब इतका सरळ वाटला की वर मीच त्याला चहा पाजला. तुमच्या पत्राबरहुकूम पावती घेतली, रेव्हेन्यू स्टँपवर आडवी सही घेतली, दोन साक्षीदार उभे केले (एक वरच्या मजल्यावरचा, दुसरा त्याच्याकडे जेवायला आलेला पाहुणा). आईनं मिक्सरसाठी साठवलेले पैसे ते. ती अजून पाट्यावरच वाटते आहे आणि दर पत्रात विचारते आहे, पैसे सुखरूप आहेत ना?

आता माझी अक्कल पाहा. खात्री करावी म्हणून मी मालकांच्या, म्हणजे हंबीररावांच्या, हळदीच्या पेढीवर गेलो. म्हणाले, "आवं, आमी कवा घेतलं डिपॉझिट? आमी नुसतं भाडं घेतो." मग जरा वेळ पंख्याकडे बघून म्हणाले, "पन सगळीकडं घेत्यात म्हनता? मग तुमी बी द्या की." संध्याकाळी त्यांनी चौघांनाही फर्मावलं, महिनाअखेर हजार-हजार रुपये, नाहीतर खोली खाली करा. बाकीच्या तिघांनी आजवर छदामही दिला नव्हता. ते आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि सकाळी नळावर माझी बादली कोण मागे सरकवतं तेही सांगत नाहीत.

रविवारी नानासोला गाठायला महाबळेश्वरला गेलो. तो तिथल्या हॉटेलात लागलाय. जुलैत महाबळेश्वरला जाणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याचे पैसे अडकलेले असतात. छत्री एसटी स्टँडवरच उलटी झाली. नानासोनं अंग पुसायला टॉवेल दिला, पैसे दिले नाहीत. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, कारण त्यानंही हजार रुपये मालकांना नाही, आधीच्या मानसिंगला दिले होते. मग इस्लामपूर. मानसिंग तिथे साखर कारखान्यात आहे. त्यानं पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, की त्यानंही आधीच्याच भाडेकरूला दिले होते. त्या आधीच्यानं मात्र कुणालाच काही दिलं नव्हतं, कारण त्या कॉटवरचा तो पहिलाच. बदली झाली तेव्हा 'मालकांना कशाला त्रास' म्हणून मानसिंगकडून हजार घेऊन महाराज पसार. तेव्हापासून आम्ही सगळे एकमेकांचे खिसे कापतो आहोत आणि फायद्यात तो एकटा. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मानसिंगनंही हातभार लावला.

मग मी नाव विचारलं. मामा, तुम्ही सांगलीत असताना कुठे राहत होता, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

शिव्या मी परत घेतल्या आहेत. पैसे तेवढे राहिले. मामींना नमस्कार सांगावा, बाकीचं सांगू नये.

तुमचा आज्ञाधारक (म्हणूनच बुडालेला) भाचा,
मुकुल

ता. क. हजार रुपये मनीऑर्डरनं पाठवावेत. आईला अजून काही कळवलेलं नाही. ती तुमची थोरली बहीण. तिचा राग मी तुम्हाला काय सांगावा.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो, तोच तुमचा शौनक वळकटी घेऊन दारात. इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणे. माझी कॉट त्याला दिली. डिपॉझिटसाठी मामींनी त्याच्याबरोबर हजार रुपये पाठवले होते, ते इथल्या रिवाजाप्रमाणे मी घेतले. पावती सोबत आहे. मी दुसरी खोली धरली आणि पैसे थेट घरमालकिणीच्या हातात दिले. आईला कळवतो, सुखरूप आहेत म्हणून. तुमची मनीऑर्डर आता माझ्या नावानं नको. हंबीररावांच्या नावानं करा, महिनाअखेरीच्या आत. ते आता शौनककडेही डिपॉझिट मागायला लागलेत.