दबक्या आवाजाचं घर

३ मार्च
बोका नापास! बोका म्हणजे ताईचा मुलगा, पावणेदोन वर्षांचा, अजून एक शब्द नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत. दिवसभर याच्याशी बोलतं कोण?" ताई कामावर गेली की त्याला मीच सांभाळते. ताईने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

येताना ताई — "महिन्याने परत बोलावलंय. तोवर नाही बोलला तर पाळणाघरात घालते. तू काय बोलणार? उभं राहून उत्तर द्यायला लागतं म्हणून शाळा सोडलीस!"

खरंय. पण बोक्याला सोडणार नाही. नाही म्हणजे नाही!

४ मार्च
बोलले. हा चमचा. ही वाटी. आई संध्याकाळी येईल. जबडा दुखला. सगळं हळूच — भावजी रात्रपाळी करून दिवसा आत झोपतात. आमच्याकडे स्टूलसुद्धा सरकवत नाहीत, उचलून ठेवतात.

९ मार्च
काही नाही.

१२ मार्च
नर्सबाईंनी सांगितलेलं, बोट दाखवलं की लगेच द्यायचं नाही, थांबायचं. त्याने पेल्याकडे बोट केलं. थांबले. ओठ हलले! वाकून कान लावला. नुसती हवा — "पाई." पाणी!

अगं बाई! हा बोलतोय! कधीपासून, कोण जाणे. आम्ही कुजबुजतो म्हणून तोही कुजबुजतो. त्याला वाटतं, बोलणं म्हणजे हेच.

१३ मार्च
भावजींना सांगितलं. मी, स्वतःहून! हसले — "बापाच्या झोपेची काळजी आहे लेकाला."

१५ मार्च
त्याला गच्चीवर नेलं. ओरडले — "पाणी!" खालून शिवणवाल्या काकू, "कुणाला गं एवढी तहान?" कान तापले माझे. तरी परत ओरडले. बोक्याने माझ्या गळ्यावर हात ठेवून बघितलं, आवाज कुठून येतो ते.

२२ मार्च
"पाई" मोठ्याने! कुत्र्याला "भू." "आई" तर दिवसभर, ताई कामावर असली तरी.

३ एप्रिल
पास! सात शब्द! नर्सबाईंनी शेवटी विचारलं, "आणि आई कुठाय?" बोका ताईच्या मांडीवरून उतरला, धावत आला, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली. "आई!" खणखणीत.

ताईने पर्सची चेन उघडली. परत लावली.

४ एप्रिल
सकाळी मीच ताईला म्हटलं — घाल त्याला पाळणाघरात, त्याची आई तू आहेस, मी नाही. आधी आवाजच फुटेना. मग असा फुटला की भावजी जागे झाले.