ठमीला खाली बसवू नकोस

धाकटे,

त्या डॉक्टरने मला फसवलं. "मुलगे जरा आळशीच असतात, बसेल सावकाश," म्हणत हसत राहिला आणि मी विश्वास ठेवला. काल रिपोर्ट आला. माझ्या गुंड्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा एकदाच्या ऐवजी दोनदा आलाय, म्हणून तो अजून मानही धरत नाही. फार क्वचित होतं म्हणे. तुकडा कुणाकडून आला ते बघायला आज आम्हा दोघा नवराबायकोचं रक्त घेणार आहेत. तू झोपली होतीस, उठवलं नाही; गुंड्याला तुझ्यावर सोपवून निघालेय.

त्याचं दूध ओट्यावर झाकून ठेवलंय. पाजताना मानेमागे हात धर, घाई केलीस तर ठसका लागतो.

आता स्पष्टच लिहिते. दोघं एकाच महिन्यात जन्मलेली. तुझी ठमी वाटी आपटते तेव्हा मला बघवत नाही. ती एकदा तोंडावर पडावी, असंही मनात येऊन गेलंय. हा जळफळाट माझा आहे, माझी मी निस्तरेन.

पण परवा मी खोलीत आले तेव्हा ठमी पलंगाला धरून उभी होती. तू घाईघाईने तिला खाली बसवलंस, वर म्हणालीस, "ताई, हिलाही अजून धड काही जमत नाही." पोर रडायला लागली.

मला तुझी दया नको. डॉक्टरला मी आज जाब विचारणारच आहे. तुलाही विचारते. ठमी कधीपासून उभी राहते? संध्याकाळी माझ्या तोंडावर सांग.