वाळलेल्या गुडघ्याचा आकडा

ती. आईस,

नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं तापलंय.

देहदान केलेल्या एका बाईच्या गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, काल मशीनवर ताणून बघायची होती. ती सतत ओली ठेवावी लागते. वाळली की उगाच कडक होते. मला मीटिंगला बोलावलं, म्हणून बरोबरच्याला बजावून गेले, "मिठाचं पाणी फवारत राहा." अर्ध्या तासाने येते तर हा मोबाइलमध्ये! पट्टी वाळलेलीच ताणली गेली, कडकपणाचा आकडा आला भलताच मोठा. आणि सर म्हणतात, "छान आलाय, राहू दे."

राहू दे काय? मी खोडला. सर माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

ती बाई अठ्ठ्याहत्तर वर्षं त्या गुडघ्यावर चालली, आणि ह्याला अर्धा तास पाणी मारवेना?

बाबा फिरायला जातात ना? की नुसत्याच थापा?

तू देहदानाचा फॉर्म भरलास, तेव्हा म्हणालीस, "तिथे तुझ्यासारख्याच पोरी असतील ना!"

असतात गं आई. पण बोलावणं आलं की त्या मीटिंगला उठून जातात.

तुझी,
धुमसणारी लेक