पाण्याला काय म्हणतोस

९ नोव्हें. ९८, सोमवार

अनिसला नेलं. दुपारी, दुकानातून. शेठचा फोन दवाखान्यात आला. डॉ.बाई पेशंट तपासत होत्या, म्हणून मीच उचलला. "मंगलबाई, तुमच्या मिस्टरांना पोलीस घेऊन गेले. सराफ बाजारातले सगळे बंगाली कारागीर नेलेत. चौकशी करून सोडतील म्हणतात."

पोलीस स्टेशनात आत जाऊ दिलं नाही. खिडकीच्या गजांतून दिसला. फरशीवर बसवलं होतं सगळ्यांना, चपला काढून. मला बघून हातानं खूण करत होता, जा, जा. आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मिनूची शाळा कधीच सुटली होती.

फाटकाशी एकटी बसली होती पोर. रडली नाही. म्हणाली, "अब्बा आला नाही न्यायला."

१० नोव्हें.

सकाळीच पो. स्टे. रेशनकार्ड, लग्नाचा कोर्टातला दाखला, मिनूचा जन्मदाखला, सगळं घेऊन. हवालदारानं रेशनकार्ड उलटंसुद्धा केलं नाही. "असली कार्डं बाजारात मिळतात बाई." लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं आडनाव वाचलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मखमलाबादची ना तू? माळ्याची पोर. गावात कुणी मिळालं नाही का?"

मोठ्या साहेबांनी बोलावलं. अनिसला समोर उभं केलं.

"कुठला?"

"मुर्शिदाबाद, साहेब. बंगाल. इंडिया."

"पाण्याला काय म्हणतोस?"

"पानी."

साहेब माझ्याकडे वळले. "बघा. बंगाली माणूस जल म्हणतो. पानी म्हणणारे सगळे पलीकडचे, बांगलादेशी."

मी म्हटलं, "साहेब, आपण पण पाणीच म्हणतो की."

अनिस सांगायला लागला, आमच्या गावात हिंदू जल म्हणतात, मुसलमान पानी म्हणतात, विहीर एकच. पुरतं बोलूही दिलं नाही. हवालदारानं कानाखाली मारली. माझ्यासमोर.

मी काहीच केलं नाही. हातातली पिशवी घट्ट धरून उभी राहिले.

११ नोव्हें.

अनिसच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. एसटीडी बूथवरून लावत बसले. लागतो, तुटतो. शेवटी धाकटा दीर मोइनुल आला फोनवर. माझी बांगला मोडकी, त्याची हिंदी मोडकी. "दादाके धोरेछे?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. धरलं, धरलं म्हटलं. गावच्या प्रधानाचा सही-शिक्क्याचा दाखला आणि जमिनीचा उतारा पाठव म्हटलं. मागे सासूबाईंचा रडण्याचा आवाज. बूथवाला मीटरकडे बोट दाखवत होता.

१३ नोव्हें.

दाखल्याचा फॅक्स आला, डॉ.बाईंच्या ओळखीच्या ऑफिसात. धावत पो. स्टे.ला. साहेब म्हणाले, "फॅक्स कुणीही करील. तिथल्या पोलिसांना वायरलेस केलाय. त्यांचं उत्तर येऊ द्या." कधी येणार विचारलं तर, "ते त्यांना विचारा."

अनिसला भेटू दिलं नाही. डबा घेतला, पण रिकामा परत आला नाही, भरलेलाच आला.

१४ नोव्हें.

आई आली होती. फुलबाजारातून थेट, टोपली हातातच. माझ्या घराचा उंबरा तिनं पहिल्यांदा ओलांडला. मिनूला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "दादाकडं जा."

म्हटलं, मी नाही जाणार. लग्न झालं तेव्हा दादा काय बोलला होता विसरलीस का?

"नाय विसरले. तरी जा. तो पोलिसात हाय. तुझ्यासाठी जाऊ नको, हिच्या बापासाठी जा."

१५ नोव्हें.

गेले. पोलीस लाइनीत, दादाच्या क्वार्टरवर. वहिनीनं दार उघडलं, मला पाहून नुसती बाजूला झाली. दादा बनियनवर बूट पुसत बसला होता. वर बघितलं नाही.

"काय काम काढलंस?"

सांगितलं. सगळं त्याला माहीत होतं. दुसऱ्या स्टेशनला असला तरी पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

"मग आला का नाहीस?"

"काय म्हणून येऊ? कोण लागतो तो माझा?"

उठले. वहिनी हळूच म्हणाली, "अहो, पोरगी केवढीशी हाय त्यांची." तेव्हा बूट खाली ठेवला. म्हणाला, "मंगल, हे वरून आलंय. प्रत्येक स्टेशनला सांगितलंय, इतके बांगलादेशी शोधून दाखवा. कुठून आणायचे? जो बांगला बोलतो तो धरायचा. साहेबालाही माहीत हाय, मलाही माहीत हाय." मग एकदम ओरडला, "पण मी नाईक हाय गं, कमिशनर नाय!"

तरी बघतो म्हणाला. बघतो एवढंच.

१७ नोव्हें.

कोर्ट. दोरीनं एकमेकांना बांधून आणले. वकील डॉ.बाईंनी दिलेले. ते म्हणाले, मूळ कागद गावी आहेत, मागवायला मुदत द्या. सरकारी वकील म्हणाले, हे सगळेच असं म्हणतात. आमचा नंबर आला तेव्हा सगळं भरभर उरकलं. देशाबाहेर पाठवा. वकील बाहेर येऊन म्हणाले, "वर अपील करू." करू, पण तोवर?

अनिस वळून म्हणाला, "वकील म्हणाले, मिनूला ताप आलाय. उतरला?" उतरला म्हटलं. त्याच्या दाढीत पांढरे केस. आधी होते का? आठवत नाही.

१९ नोव्हें.

दादा दवाखान्यात आला. युनिफॉर्ममध्ये. पेशंट उठून उभे राहिले. मला जिन्याखाली नेलं.

"उद्याच्या हावडा गाडीनं नेणार. सीमेवरच्या चौकीत ताब्यात देऊन परत. वाटेत सोबत पोलीस लागतात. माझं नाव निघालंय. आजारी पडतो म्हणून सांगणार हाय."

मी त्याचा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "दादा, तू जा."

"काय?"

"तू जा. तू असलास तर त्याला मारणार नाहीत. जेवायला मिळेल. मोइनुल हावड्याला मूळ कागद घेऊन थांबेल, तू ते साहेबाला दाखव. तू असलास तर कुणीतरी ऐकेल."

"उद्या मीच त्याला पलीकडं ढकलला, तर तू पुन्हा माझं तोंड बघशील का?"

जा एवढंच म्हटलं. मी हे काय केलं?

२० नोव्हें.

नाशिकरोड स्टेशन. लांबून पाहिलं. दादा अनिसच्या मागे उभा. साखळी त्याच्याच हातात. मिनूला आईकडे ठेवलं, बरं केलं. मोइनुलला फोन लागला. निघालो, म्हणाला.

गाडी सुटताना दादानं टोपी काढून कपाळ पुसलं. अनिस खिडकीत नव्हता. त्या बाजूला बसू दिलं नसेल.

२२ नोव्हें.

काही नाही. दवाखान्यात दोनदा चुकीचे केसपेपर काढले. डॉ.बाई ओरडल्या नाहीत, त्यानं जास्तच वाईट वाटलं.

२३ नोव्हें.

मोइनुलचा फोन. रडतो, ओरडतो, अर्धं कळत नाही. हावड्याला भेटला म्हणे. कागद दाखवले. "तोमार भाई," तुझा भाऊ, "खूब भांडला." कुणाशी? लाइन गेली. मग दिवसभर लागली नाही.

२६ नोव्हें.

दादा आला. घरी. पायरीवर बसला, आत ये म्हटलं तरी येईना. युनिफॉर्म मळलेला. पाणी दिलं, ते हातात धरून बसला.

एकेक सांगत गेला. गाडी सुटल्यावर अनिसची साखळी काढली, रस्ताभर लावली नाही. दोघं एका बाकावर. अनिसनं त्याला विचारलं, आईच्या झेंडूला यंदा भाव कसा मिळाला. दादा म्हणाला, "मंगल, कैदी असा बोलतो का?"

हावड्याला मोइनुलचे कागद सोबतच्या साहेबानं बघितले. खरे आहेत असंही म्हणाला. पण हुकूम झालाय, मी रिकाम्या हातानं परत कसा जाऊ, काय ते चौकीवर दाखवा. दादा भांडला. नोकरी घालवशील, म्हणाला साहेब.

सीमेवरच्या चौकीत एकेकाची सही घेत होते. अनिसचा नंबर आला तसा दादानं सांगून टाकलं, "साहब, ये मेरा बहनोई है. इंडियन है."

तिथला जवान हसला म्हणे. "तेरा बहनोई है तो लाया क्यों?"

दादानं पाणी तसंच खाली ठेवलं.

"मग?"

"घेतलं त्याला आत. कागदपण घेतले. दार लावलं. आम्हाला म्हणाले, तुमचं काम झालं, निघा." मग म्हणाला, "अनिस म्हणत होता, तिथून त्याचं गाव बसनं जाण्यासारखं हाय. बसनं, मंगल! एवढ्या लांबून नेऊन त्याच्याच घराशेजारी त्याला परका केला."

पलीकडे सोडला का आतच ठेवलाय, त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मी त्याच्यावर ओरडेन असं वाटलं होतं. ओरडले नाही. आत येऊन जेव म्हटलं. आला. जेवला नाही, पण आला.

३० नोव्हें.

मोइनुल रोज चौकीवर जातो. रोज वेगळं सांगतात. कधी म्हणे, असा कुणी इथं नाहीच. पलीकडच्या गावात कुणीतरी त्याला बघितलं असं नावाडी म्हणतात. नदीकाठी, दुसऱ्या एकाबरोबर. खरं खोटं देव जाणे. पलीकडचे पोलीस त्याला भारतीय म्हणून धरतील. मग?

वकील म्हणतात, बायकोनं स्वतः जाऊन अर्ज केला तर फरक पडेल. जाते. डॉ.बाईंनी रजा दिली. मिनूला नेते, मागे ठेवून जीव राहणार नाही.

२ डिसें.

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

दादा आलाय. रजेचा अर्ज नामंजूर झाला, तरी आलाय. साध्या कपड्यात ओळखू येत नाही. काय करणार आहेस तिकडे म्हणून विचारलं. "सांगेन, मीच आणला होता. चुकीचा माणूस आणला. लिहून देईन." नोकरी? "बघू."

आईनं स्टेशनवर त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

डब्यात गर्दी. समोर एक कुटुंब, गप्पिष्ट, कुठं चाललात म्हणून विचारत होतं. मिनू खिडकीशी. गाडीचं तिला फार कौतुक. बापानं शिकवलेलं काहीबाही बांगलात बडबडत होती, गाई मोजत होती, एक, दुइ, तीन, चार. समोरचा माणूस ऐकत राहिला. मग आमच्याकडे बघायला लागला.

दादानं इकडेतिकडे पाहिलं. मिनूच्या कानाशी वाकला. "मिनू, मराठीत मोज गं बाळा."

मिनूनं माझ्याकडे बघितलं. मोजू का नको, असं.

भुसावळ गेलं. ती अजून गप्प आहे.